नावं सरकली, मार्क तिथेच राहिले

परवा भाचीने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केलेला पहिला प्रोग्रॅम दाखवला, वर्गाच्या मार्कांचा. दोन लिस्ट होत्या, एकीत नावं सुजाता, अमोल, निखिल आणि दुसरीत त्याच क्रमाने मार्क 82, 45, 67. मग तिला वाटलं नावं अकारविल्हे लावूया, म्हणून नावांच्या लिस्टवर सॉर्ट चालवलं. नावं झाली अमोल, निखिल, सुजाता पण मार्क जागच्या जागी, म्हणजे 45 वाल्या अमोलला 82 आणि निखिलला 45! एरर मात्र एकही नाही, कारण कुठले मार्क कोणाचे हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नव्हतं, ते फक्त तिच्या डोक्यात होतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. लिस्ट म्हणजे डब्यांची रांग आणि प्रत्येक डब्यात एक वस्तू असं आपण शिकतो, पण पायथॉनच्या लिस्टमध्ये वस्तू नसतेच, तिचा मेमरीतला पत्ता असतो, 64 बिटच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकी 8 बाइटचा. सॉर्ट हे पत्तेच मागेपुढे करतं, वस्तू आहे तिथेच राहते. म्हणून विद्यार्थी नावाचा क्लास, म्हणजे साचा, करून नाव आणि मार्क त्या साच्यातून बनलेल्या एकाच वस्तूत, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये, ठेवले की लिस्टमध्ये त्या अख्ख्या ऑब्जेक्टचा पत्ता येतो, मग नावावरून लावा नाहीतर मार्कांवरून, पत्ता सरकला की मुलगा मार्कांसकट सरकतो. आणि तोच ऑब्जेक्ट क्रिकेट टीमच्या लिस्टमध्येही टाकला तर कॉपी होत नाही, दोन्हीकडे पत्ता एकच, त्यामुळे एकीकडून मार्क बदलले की दुसरीकडेही बदललेलेच दिसतात. इथे नवशिके हमखास गोंधळतात.

हे सगळं एकदम लेटेस्ट असल्यासारख्या कोचिंग क्लासच्या जाहिराती येतात, महिन्याभरात शिका आणि मोठं पॅकेज घ्या वगैरे. त्यावर विश्वास ठेवू नका. नॉर्वेत डाल आणि नीगार्ड या दोन संशोधकांनी सिम्युला 67 या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले ते 1967 सालीच. आणि सगळीकडे क्लास लागतोच असंही नाही, महिन्याभराचं रोजचं तापमान ठेवायचं असेल तर साधी लिस्ट उत्तम, सगळे आकडे एकाच जातीचे आहेत.

भाचीने क्लास करून प्रोग्रॅम पुन्हा लिहिला आणि विचारलं, दोघांना सारखेच 67 असतील तर वर कोण? पायथॉनचं सॉर्ट बरोबरीच्यांचा आधीचा क्रम मोडत नाही, त्यामुळे आधी नावावरून आणि मग मार्कांवरून सॉर्ट केलं की 67 वाले आपापसात अकारविल्हेच राहतात.