स्टीव्हियाच्या पाकाला तार का येत नाही?

काकांची शुगर वाढली म्हणून काकूने दिवाळीत रव्याचे लाडू साखरेऐवजी स्टीव्हिया (एका गोड पानांच्या झाडाच्या अर्काची पावडर) घालून करायला घेतले. पाक उकळतोय, उकळतोय, पण तार काही येईना. शेवटी पाणीच आटत आलं. तेच गोड पाणी तिने रव्यावर ओतलं, तर लाडू वळेनात. काकूने खापर फोडलं भेसळीवर. पण पावडर अस्सल होती, शुद्ध अर्काची. म्हणूनच तर पाक फसला!

स्टीव्हिया मूळची पॅराग्वेची. तिथले ग्वारानी लोक फार पूर्वीपासून या पानांनी आपलं कडवट पेय गोड करत आले. आपल्याकडे हिला 'गोड तुळस' म्हणतात, पण तुळशीशी हिचं काही नातं नाही. ही सूर्यफुलाच्या कुळातली. पानांतली गोड द्रव्यं, म्हणजे स्टीव्हिओल ग्लायकोसाइड्स, साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. म्हणजे २०० ग्रॅम साखरेचं काम जेमतेम ०.८ ग्रॅम अर्कात होतं. गोडीचं काम, बरं का. बाकीचं नाही.

आता पाक म्हणजे काय ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. साखरेच्या प्रत्येक रेणूला पाणी धरून ठेवणारे आठ हात असतात (रसायनशास्त्रात त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात). पाणी आटत जातं तसे हे रेणू दाटीवाटीने बसतात, द्रव चिकट होतो, बोटांत तार धरतो. उकळबिंदूही चढत जातो: वजनाने दोन तृतीयांश साखर झाली की पाक साधारण १०५ अंशांना उकळतो. गार झाल्यावर १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅमच साखर विरघळलेली राहू शकते. आटवलेल्या पाकात ती त्याहून जास्त असते. मग जास्तीची साखर रव्याच्या कणांमध्ये स्फटिक होऊन बसते आणि लाडू आवळून धरते. विटांमधलं सिमेंटच ते.

उकळबिंदू किती चढणार हे रेणूंच्या संख्येवर ठरतं. साखरेचा रेणुभार (एका रेणूचं सापेक्ष वजन) ३४२, तर स्टीव्हिओसाइडचा, म्हणजे स्टीव्हियातल्या त्या गोड द्रव्यांपैकी एकाचा, ८०५. २०० ग्रॅमला ३४२ ने भागा, ०.८ ला ८०५ ने. पहिलं उत्तर दुसऱ्याच्या जवळपास ६०० पट येतं. १०० मिलीलीटर पाण्यात एवढ्या स्टीव्हियाने उकळबिंदू चढतो तो एका अंशाचा दोनशेवा भाग. मग तार कुठून येणार?

मुरांब्याचंही तेच. तिथे साखर पाणी अडवून ठेवते, म्हणून बुरशीला ते मिळत नाही. स्टीव्हिया घातलेला मुरांबा फ्रिजमध्येच ठेवावा आणि लवकर संपवावा. चहा, सरबत, खीर, श्रीखंड यांत मात्र ती खुशाल वापरा, हात आखडता ठेवून. जास्त झाली तर जिभेवरचे कडू चव ओळखणारे ग्राहीही जागे होतात.

'कुंडीत लावा, मधुमेह मुळापासून बरा' असे फॉरवर्ड येतात, ते सरळ डिलीट करावेत. स्टीव्हिया रक्तातली साखर वाढवत नाही, पण लाडवातला रवा वाढवतोच. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं, आणि त्या यादीत स्टीव्हियाही आहे.

काकूने मग त्या रव्यात आणखी गरम पाणी घालून झाकण ठेवलं. शिरा छान झाला. शिऱ्यात बांधायचं काम रव्यातल्या स्टार्चचं असतं ना!