छोटं लिहावं की लांबलचक? शब्दमर्यादेची मुंबईतली पूर्वपीठिका

लेखनाच्या कार्यशाळांत हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. पाचशे शब्दांच्या पुढे जाऊ नका, लोकांना वेळ कुठाय, असं एक जण सांगतो. दुसरा सांगतो, दीड-दोन हजारांच्या खाली उतरलात तर गूगल तुम्हाला विचारणार नाही. दोघांचाही समज असा, की हा प्रश्न मोबाइलबरोबर आला. प्रत्यक्षात मराठीत, आणि त्यातही मुंबईत, तो छापखान्याइतका जुना आहे. मागे जाऊन पाहिलं तर लेख किती लांब असावा हे वाचकाच्या सवडीवरून क्वचितच ठरलेलं दिसतं. जागेचे पैसे कोण भरतो, यावरूनच ते बहुतेक वेळा ठरलं.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं, तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा. म्हणजे पहिल्याच दिवशी मराठी मजकुराच्या वाट्याला निम्मी जागा आली. त्यातून देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं. इंग्रजीला सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या जोड्या पुरतात; आपल्याकडे जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, रफार अशा शेकडो खिळ्यांनी खणच्या खण भरायचे आणि कंपोझिटरने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, उभं राहून एकेक उचलायचा. एक ओळ वाढली की मजुरी वाढली, कागद वाढला. छापलेलं विकत घेणारे वर्गणीदार तर मोजकेच. अशा हिशेबात पाल्हाळ परवडत नाही.

तरीही छोटेपणाचं सोनं करणारं लेखन त्याच काळात मुंबईत छापलं गेलं. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात, भरली मात्र १०८. एका पत्रात एकच विषय धरायचा, तडाखा द्यायचा आणि थांबायचं. नियमितपणे, टोपणनावाने, थोडक्यात आणि वाचणाऱ्याला चीड येईल असं लिहिणं म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर ही पत्रं आजही उघडावीत.

याच्या बरोबर उलट टोकाला विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ साली त्यांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली. हे मासिक जवळजवळ एकहाती चालायचं. सात वर्षांत ८४ अंक निघाले. एखादा निबंध एका अंकात मावला नाही तर पुढच्यात चालू राहायचा, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची चिपळूणकरांना गरज वाटत नसे. संपादक तेच, लेखक तेच, जागाही त्यांचीच. लोकहितवादींवर त्यांनी कडक टीका केली ती याच मालेतून. विचारांचा झगडा तर होताच, पण मला त्यात दोन लांबींचाही झगडा दिसतो: आठवड्याला मिळणाऱ्या एका तुकड्यात बोलणारा एक, आणि सगळं मैदान स्वतःच्या मालकीचं असलेला दुसरा.

छापखान्याबाहेर लोकांच्या रोजच्या लिहिण्याला कात्री लावली ती टपालखात्याने. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. बंद पाकिटाला अर्धा आणा पडायचा. किंमत निम्मी, जागा तळहाताएवढी, आणि पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचू शकेल असं उघडं. पोस्टकार्डाची एक शैलीच तयार झाली. ‘सा. न. वि. वि.’ने सुरुवात; मग मुद्दा; मग उरलेल्या समासात आडवं-उभं वळवून घातलेल्या दोन ओळी. ज्याला खरंच लांब लिहायचं असे तो पाकिटाचे पैसे खर्च करायचा. स्वतंत्र भारतात मधला मार्ग म्हणून आंतरदेशीय पत्र आलं, निळसर, तीन घड्यांचं, आणि आत काही घालायचं नाही अशा तंबीचं.

पण मुंबईच्या संदर्भात सगळ्यात छोटा मजकूर यापैकी कशातच नव्हता. तो होता मनीऑर्डरच्या फॉर्मवर. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गिरणगावातून कोकणात आणि घाटावर पैसे गेले ते बहुतांशी त्याच वाटेने. फॉर्मच्या खालच्या बाजूला एक चिठोरी असायची, पैसे घेणाऱ्याने फाडून ठेवायची. तिच्यावर निरोपापुरती जागा. पैसे तर पाठवायचेच होते, मग पत्राचा वेगळा खर्च कशाला? म्हणून महिन्याचं सगळं सांगणं तिथेच कोंबलं जायचं. पावसाआधी घर शाकारून घ्या, थोरल्याला शाळेत घाला, गणपतीला रजा मिळाली तर येतो. ज्याला लिहिता येत नसे तो पोस्टाबाहेर बसलेल्या पत्रलेखकाकडून लिहून घ्यायचा. तो मुरलेला माणूस अर्धा तास चाललेली कैफियत ऐकून तीन ओळींत उतरवायचा. संपादन म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

तारेचा हिशेब तर शब्दावर. शब्द वाढला की पैसे वाढले, म्हणून क्रियापदं गळायची, विभक्त्या गळायच्या. सणासुदीच्या ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिलेले होते. फॉर्मवर क्रमांक लिहिला की पलीकडे अख्खं वाक्य पोचायचं. चाळीत तारवाला दिसला की वाचण्याआधीच रडारड सुरू होई, इतका त्या चार शब्दांचा धाक होता. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली.

मासिकांत मात्र लांबीला हक्काचं घर मिळालं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मुंबईच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. या अंकांचं अर्थकारण पाहिल्याशिवाय मराठी दीर्घकथा समजत नाही. सणाच्या जाहिराती भरपूर, म्हणून पानं भरपूर. पानं भरपूर, म्हणून एका कथेला वीस-पंचवीस पानं द्यायला संपादक कचरत नाही. पुढे गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ने जाहिरातींच्या बळावर नव्हे, तर संपादकांच्या हट्टावर लांब आणि अवघड लेखनाला जागा दिली. हे मासिक १९८२ साली बंद पडलं. वाचकांचा कंटाळा हे एकच कारण त्याला चिकटवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याच वाचकांच्या घरी दर दिवाळीला चारदोन जाडजूड अंक येतच होते.

लघुनिबंधाची लाट १९२६-२७च्या सुमाराला ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यामुळे आली. मासिकाच्या चार-पाच पानांत मावणारा, गप्पांच्या सुरातला तो प्रकार. पुढची दोन दशकं त्याचं एवढं पेव फुटलं की छत्री, चष्मा, पानाचा डबा, काहीही विषय चालायचा. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

दैनिकांत लांबीची लढाई थेट न्यायालयात गेली, आणि ही गोष्ट लेखनाच्या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. १९५६ साली केंद्राने एक कायदा करून वृत्तपत्राची किंमत आणि पानं यांची सांगड घातली. १९६० साली त्याखालचा आदेश निघाला. अमुक किमतीला अमुकच पानं. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. मोठ्या पत्रांनी स्वस्तात जाड अंक विकून छोट्यांना मारू नये, हा हेतू. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. पानं कमी करायला लावणं म्हणजे बोलण्यावरच बंधन, हा त्यातला गाभा. पुढे कागदटंचाईच्या काळात सरकारने वृत्तपत्रांवर दहा पानांची मर्यादा घातली. त्या खटल्यात मुंबईची बेनेट कोलमन, म्हणजे ‘महाराष्ट्र टाइम्स’ची मालक कंपनी, आघाडीला होती, आणि १९७२ साली तीही मर्यादा रद्द झाली.

निकाल लागले म्हणून कागद स्वस्त झाला असं नाही. बातमी वरून खाली उतरत्या महत्त्वाने लिहायची पद्धत मुंबईच्या डेस्कांवर पक्की बसली, कारण रात्री उशिरा जाहिरात आली की गॅलीचा, म्हणजे जुळवून ठेवलेल्या मजकुराचा, शेवटचा परिच्छेद उडायचा. शेवटी काही महत्त्वाचं लिहायचंच नाही, हा धडा त्यातून मिळाला. उलट कधी जाहिरात आलीच नाही, तर रिकाम्या जागेत सुविचार नाहीतर चुटका. वाचकांच्या पत्रांना शब्दांची अट घालायची रीतही अशीच. त्या अटीत राहून लिहिणाऱ्यांची एक जमातच या शहराने घडवली. दादरला मराठी वृत्तपत्र लेखक संघ आहे तो अशाच पत्रलेखकांचा. नळाला पाणी नाही, पुलाच्या पायऱ्या तुटल्यात, बसचा थांबा हलवला, हे पोस्टकार्डावर मावेल असं आणि संपादकाला एकही शब्द कापता येऊ नये असं लिहिणारी ही माणसं.

त्याच वेळी ‘नवाकाळ’चे नीलकंठ खाडिलकर ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हणून ओळखले जात होते. साध्या बोलीत लिहिलेले त्यांचे अग्रलेख गिरणीच्या पाळीला जाणारा माणूस वाचायचा. घरी परतताना गाडीत वाचायला ‘संध्याकाळ’, ‘आपलं महानगर’ यांसारखी सायंदैनिकं होती. आणि नाक्यावर खडूने लिहिलेला काळा फलक होताच. त्यावर किती लिहायचं हे फळीची उंची आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची चाल ठरवायची. फलक, सायंदैनिक, अग्रलेख, दिवाळी अंक: हे सगळं वाचणारा माणूस अनेकदा एकच असायचा. त्याला एकाच मापाची भूक आहे, असं तेव्हा तरी कुणी गृहीत धरलं नव्हतं.

मोबाइलच्या संदेशाने पोस्टकार्ड परत आणलं, पण मराठीसाठी आणखी आखूड करून. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात. देवनागरीत फक्त ७०, कारण प्रत्येक चिन्हाला दुपटीहून जास्त जागा लागते. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘उद्या सकाळी साडेदहाला दादरला पुलाखाली भेटू, पुस्तक घेऊन ये. उशीर नको.’ एवढ्या अकरा शब्दांतच ६९ जागा संपतात. मराठी माणूस मराठी रोमनमध्ये लिहायला लागला त्यात आळस होता, फोनवर लिपी नव्हती हेही होतं, पण हा हिशेबही होता. ट्विटरची १४० अक्षरांची मूळ मर्यादा याच १६० मधून वापरणाऱ्याच्या नावासाठी २० वजा करून आली. २०१७ मध्ये ती २८० झाली.

वेबवर सुरुवातीला छोट्याचंच राज्य होतं. नव्वदीच्या अखेरचे पहिले ब्लॉग म्हणजे दुवा आणि त्याखाली दोन ओळींची टिप्पणी. १९९७ मध्ये संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी एका पाहणीवरून मांडलं, की नव्या पानावर शंभरातले ७९ जण नुसती नजर फिरवतात. ‘छोटं लिहा’ या मंत्राला तिथून पुरावा मिळाला. पण तो जाडजूड पडद्यांचा आणि टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या इंटरनेटचा काळ होता. आपल्याकडे तर सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वाचायचं. शिवाय प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांसाठी एकच सांकेतिक पद्धत, रुळलं तेव्हा कुठे मराठी लेख शोधून सापडू लागला.

सापडण्याला किंमत आली आणि वारं फिरलं. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपल्या शोधाच्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचा बदल केला. पोकळ, पाट्या टाकलेल्या पानांना त्याचा फटका बसला. त्यातून बाजाराने अर्थ काढला, की लांब ते चांगलं. २०१३ मध्ये ‘मीडियम’ या लेख प्रसिद्ध करायच्या संकेतस्थळाने आपल्याकडच्या आकड्यांवरून सात मिनिटांच्या लेखाला वाचक सर्वाधिक वेळ देतात असं सांगितलं, आणि तेही सूत्र होऊन बसलं. गूगलने पुढे लेखकांसाठीच्या सूचनांत साफ लिहिलं, की शब्दसंख्येबद्दल आमची काही पसंती नाही. तरी कार्यशाळा सुरूच आहेत. जागा फुकट झाली, पण कात्री लावणारं कुणीतरी हवं असतं. ते काम आता आकड्यांवर सोपवलंय.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा आणखी एक गंमत झाली. वेळ नाही म्हणणारी तीच माणसं व्हॉट्सअॅपवर ‘अधिक वाचा’ दाबून बिननावाचे हजार-हजार शब्दांचे फॉरवर्ड विरार ते चर्चगेट वाचत जातात, आणि वर गटात पुढे ढकलतात.

आणि इंग्रजीतून उचललेले हे शब्दांचे आकडे मराठीला लागूच पडत नाहीत. ‘दादरच्या पुलाखालच्या दुकानांमधून’ हे मराठीत तीन शब्द झाले. इंग्रजीत त्याला आठ लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून बसतात, म्हणून इंग्रजीतल्या हजार शब्दांचा मजकूर मराठीत बराच कमी शब्दांत बसतो. इंग्रजी सल्ला वाचून दीड हजारांचा कोटा भरायला बसलेला मराठी लेखक मुद्दा संपल्यावरही चारदोनशे शब्द लिहीत राहतो. जुन्या डेस्कवर असा मजकूर आला असता तर छापखान्याच्या फोरमनने तो शेवटून उडवला असता.