यूकेत प्रायव्हेट पार्किंगचं पत्र आलं: भरायचं की अपील करायचं, आणि कागद कुठले लागतात

दांडिया बाजार असो नाहीतर वाघोडिया रोड, बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांमधलं कोणी ना कोणी आता यूकेत आहे. मग कधीतरी फॅमिली ग्रुपवर एका पत्राचा फोटो येतो, वर गाडीच्या नंबरप्लेटचे फोटो आणि खाली शंभर पाउंड. लगेच इकडचे काका लोक त्याचे रुपये करतात आणि सल्ले सुरू. एक म्हणतो गपचूप भरून टाक, उगाच व्हिसाला भानगड नको, दुसरा म्हणतो प्रायव्हेट कंपनी आहे ना, मग फाडून फेक, काय करणारेत. दुसऱ्या सल्ल्याने पोरं जास्त अडकतात, ते पुढे येईलच.

आधी पत्र कोणी पाठवलंय ते बघा. तिकडे लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच पीसीएन म्हणतात. काउन्सिलचं, म्हणजे आपल्या कॉर्पोरेशनसारख्यांचं असेल तर ती पेनल्टी चार्ज नोटीस, सरकारी दंड, 14 दिवसांत भरला तर सहसा अर्धा होतो आणि त्याची अपील ट्रिब्युनलकडे जाते, तो रस्ताच वेगळा. सुपरमार्केट, रिटेल पार्क, जिम, हॉस्पिटलच्या आवारातली कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. हिचा आधार असा की तुम्ही बोर्डावरच्या अटी मान्य करून गाडी लावली, अट मोडली, म्हणून कंपनी करारातले पैसे मागतेय. गुन्हा वगैरे काही नाही, पोलिसांचा संबंध नाही. पण म्हणून पोकळ धमकी पण नाही. 2015 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कची केस गेली होती, दोन तास फुकट पार्किंग होतं, माणूस जवळपास तासभर जास्त थांबला आणि कंपनीने 85 पाउंड मागितले. कोर्ट म्हणालं बरोबर आहे, द्या. तेव्हापासून "हे काय कोर्टात टिकत नाही" हा सल्ला बाद झालाय, तरी आपल्याकडे अजून फिरतोच आहे.

रक्कम सहसा 100 पाउंडपर्यंत आणि 14 दिवसांत भरली तर 40 टक्के कमी, म्हणजे 60. चूक खरंच आपली असेल, ग्रेस, म्हणजे वेळ संपल्यावर निघायला दिलेली जादा मिनिटं, धरूनसुद्धा तासभर वर गेला असेल, बोर्ड चांगले मोठे असतील, तर माझं मत विचाराल तर 60 भरून मोकळं व्हा. वाद घालायला काही मुद्दा हातात असेल तरच पुढचं वाचा.

मुद्दा म्हणजे काय, तर पैसे भरलेत पण मशीनवर नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं. पैसे भरलेल्या वेळेनंतर निघायला निदान 10 मिनिटांचा ग्रेस द्यायचा असतो तो दिलाच नाही. आत शिरून जागा मिळाली नाही म्हणून फिरून बाहेर पडलात आणि कॅमेऱ्याने ती सगळी वेळ पार्किंगमध्ये धरली. कॅमेरा गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ घेतो, गाडी उभी किती वेळ होती ते त्याला कळत नाही, हा मुद्दा बरेच जण विसरतात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलात आणि मधल्या दोन नोंदी सुटल्या तर तुम्ही दिवसभर तिथेच होतात असं पत्र येतं, हे पण होतं. गाडी बंद पडणं, मेडिकल इमर्जन्सी, बोर्ड झाडामागे किंवा अंधारात, दुकानात खरेदी केली होती तरी चार्ज, हे सगळे मुद्दे चालतात. दुकानाचं असेल तर आधी पावती घेऊन स्टोअर मॅनेजरला भेटा, कधी कधी तेच कंपनीला सांगून कॅन्सल करून देतात आणि अपीलच लागत नाही.

आता अपील कोण करू शकतं. गाडी चालवणारा करू शकतो आणि कीपर पण, म्हणजे डीव्हीएलएकडे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. डीव्हीएलए म्हणजे तिथलं आरटीओ समजा, कंपनी त्यांना अडीच पाउंड भरून तुमचं नाव-पत्ता घेते, पत्र घरी येतं ते असं. इथे 2012 चा एक कायदा कामाला येतो, प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट. इंग्लंड आणि वेल्समध्ये ड्रायव्हर कोण ते कंपनीला माहीत नसेल तर ती कीपरकडे पैसे मागू शकते, पण तिने नोटीस ठरलेल्या पद्धतीने आणि ठरलेल्या वेळेत दिली असेल तरच. काचेवर काही चिकटवलं नव्हतं आणि थेट पोस्टाने आलं असेल तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवसांच्या आत ते पोचलं पाहिजे. काचेवर चिकटवलं असेल तर पोस्टाचं पत्र 28 दिवस झाल्यावर आणि 56 दिवसांच्या आत. उशीर झाला तर चार्ज रद्द होत नाही हं, तो ड्रायव्हरवर राहतो, फक्त कीपरच्या गळ्यात घालता येत नाही.

म्हणूनच अपील लिहिताना "मी गाडी लावली, मी आत गेलो" असं लिहायची घाई करू नका. "मी या गाडीचा कीपर आहे, गाडी अमुक वेळेला लावली होती" एवढं पुरतं. पोलिसांनी विचारलं तर ड्रायव्हर सांगावाच लागतो, प्रायव्हेट कंपनीला सांगायची कायद्याने सक्ती नाही. खोटं मात्र लिहू नका. आणि आईबाबा बडोद्याहून गेले, बाबांनी मुलाची गाडी चालवली, आपलं लायसन्स तिकडे 12 महिने चालतंच, आणि पत्र आलं तेव्हा बाबा परत रावपुऱ्यात. मग मुलगा म्हणतो बाबांचं नाव आणि इकडचा पत्ता देऊन टाकतो, सुटलो. तसं सोपं नाही. कायद्याला असा पत्ता लागतो जिथे कोर्टाचे कागद रीतसर देता येतील, त्यामुळे बडोद्याचा पत्ता दिला की विषय संपला असं धरून चालू नका.

कागद काय जमवायचे. पत्राच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, मागच्या बाजूलाच बहुतेक वेळा अपीलची मुदत असते आणि लोक पुढचाच फोटो पाठवतात. पार्किंगचं तिकीट किंवा ॲपमधली पावती, ते नसेल तर बँक स्टेटमेंटमधली ती एंट्री. दुकानाची पावती. बोर्डाचे फोटो, शक्यतो त्याच वेळेला जाऊन काढा, रात्रीचा प्रसंग असेल तर रात्री, कारण दुपारच्या उन्हात कुठलाही बोर्ड वाचता येतो. गाडी बंद पडली असेल तर मेकॅनिकची किंवा ब्रेकडाउन सर्व्हिसची पावती, हॉस्पिटलचं असेल तर अपॉइंटमेंटचं पत्र. घराखालच्या पार्किंगचं लफडं असेल तर भाडेकरार, त्यात पार्किंगचा हक्क लिहिलेला असेल तर तो फार कामाचा कागद. भाड्याची गाडी असेल तर हायर ॲग्रीमेंट, आणि लक्षात ठेवा की गाडी देणारी कंपनी तुमचं नाव पुढे पाठवल्याचे वेगळे पैसे कार्डातून कापू शकते.

पहिलं अपील थेट कंपनीकडेच, तिच्या वेबसाइटवर, नोटीस मिळाल्यापासून 28 दिवसांत. सबमिट केल्यावरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. नाकारलं की पुढची पायरी कंपनी कुठल्या संघटनेत आहे त्यावर आहे. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर पॉपला, म्हणजे त्या कंपन्यांविरुद्धची अपिलं ऐकणारी संस्था, नकाराच्या पत्रात कोड देतात तो टाकायचा आणि 28 दिवसांत पाठवायचं. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस, तसंच काम करणारी त्यांची संस्था, मुदत पत्रात लिहिलेली असते. पॉपलाला फी नाही. तिथे जिंकलात तर कंपनीला ऐकावंच लागतं, हरलात तर तुमच्यावर बंधन नाही, पण 60 भरून सुटायची सवलत तोपर्यंत गेलेली असते आणि पूर्ण 100 मागतात. मुद्दा कच्चा असेल तर तिथपर्यंत ताणू नका.

आता फाडून फेकणाऱ्यांचं. काही महिने रिकव्हरी कंपन्यांची लाल अक्षरातली पत्रं येतात, वर 70 पाउंडपर्यंत वाढवून. या लोकांना घरात शिरायचा, वस्तू उचलायचा काही अधिकार नाही, तो कोर्टाच्या निकालानंतर बेलिफला मिळतो. पण लेटर बिफोर क्लेम, म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं इशाऱ्याचं पत्र, आलं की 30 दिवसांत उत्तर द्यायचंच, आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर 14 दिवसांत मिळाल्याची नोंद करायची, म्हणजे बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळतात. हे चुकलं तर तुमचं न ऐकताच निकाल लागतो, त्याला सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट म्हणतात. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर नोंद निघते, नाहीतर सहा वर्षं क्रेडिट फाइलवर बसते, मग फोनचा कॉन्ट्रॅक्ट, भाड्याचं घर, लोन सगळीकडे नकार येऊ शकतो.

आपली स्टुडंट पोरं इथेच फसतात. दरवर्षी घर बदलतात, गाडीच्या कागदावर, म्हणजे व्ही5सी वर, पहिल्या वर्षीचाच पत्ता. पत्रं सगळी जुन्या घरी पडतात, नवा भाडेकरू कचऱ्यात टाकतो, आणि पोराला कळतं ते थेट मॉर्गेज घ्यायला गेल्यावर. मग निकाल बाजूला ठेवायला अर्ज, त्याची फीच तीनशे पाउंडच्या आसपास. पत्ता बदलायला डीव्हीएलए एक पैसा घेत नाही, आणि न बदलल्याबद्दल 1000 पाउंडपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच.

व्हिसाचं विचारताय तर, नुसतं पार्किंगचं पत्र हा गुन्हा नाही, भरलं किंवा अपील केलं तर त्याचं पुढे काही होत नाही. मात्र यूकेच्या व्हिसा अर्जात पैसे न भरल्याबद्दलचा दिवाणी कोर्टाचा निकाल तुमच्यावर आहे का असं विचारतात, म्हणजे सीसीजे असेल तर ते तिथे लिहावं लागतं. काकांची भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती पत्राची नाही, पत्राकडे दुर्लक्ष केल्यावर जे होतं त्याची आहे.

आईबाबांना एअरपोर्टला सोडायला किंवा घ्यायला जाणाऱ्यांसाठी एक वेगळं. हीथ्रोला ड्रॉप-ऑफच्या जागेत ना गेट आहे ना पैसे घ्यायला माणूस, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन भरायचे असतात. बॅगा, मिठ्या, लोणच्याची बरणी फुटली का बघणं, या सगळ्यात लोक ते विसरतात. एअरपोर्टची जमीन बऱ्याच ठिकाणी वेगळ्या बायलॉजखाली, म्हणजे त्या जागेच्या स्वतःच्या नियमांखाली येते, तिथे कीपरवाला वरचा नियम लागू होईलच असं नाही, त्यामुळे अपीलमध्ये तो मुद्दा वेगळा मांडायचा. आणि पेंडिंग पार्किंग फाइन म्हणून एसएमएसमध्ये लिंक आली तर उघडू नका, नोटीस नंबर पत्रावरून घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा. कोर्टाचा कागद आला असेल तर तिकडच्या सिटिझन्स ॲडव्हाइसला फोन करा, ते फुकट सांगतात.