गॅलापागोसला निघण्याआधी: बॅग, बूट आणि ओव्याची पुडी

बुकिंगची पावती हातात पडली की आठवडाभरात फोन येतोच: शेंगाचटणीचे किती डबे चालतील, आणि कडक भाकरी नेली तर काही म्हणतात का? दोन्हीचं उत्तर पुढे दिलं आहे. पण खरं सांगायचं तर चटणीमुळे आमचा वेळ फारसा जात नाही. तो जातो बुटाच्या तळव्यातली माती, मोज्यातली कुसळं आणि पर्सच्या तळाशी विसरलेली ओव्याची पुडी यांच्यापायी. म्हणून या पत्रकाचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे. व्हिसा, लशी आणि विम्याचा कागद वेगळा मिळेल.

ग्वायाकिल विमानतळावर काय होतं

गॅलापागोस ही बेटं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १,००० किलोमीटर पश्चिमेला आहेत. प्रवासी विमानं कीटो आणि ग्वायाकिलहून जातात. आपण ग्वायाकिलहून जातो. तिथला क्रम ठरलेला आहे. आधी २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड. ते परतताना मागतात, म्हणून पासपोर्टातच ठेवा. मग सगळं सामान जैवसुरक्षा खात्याच्या एक्स-रे यंत्रातून जातं आणि तपासलेल्या बॅगेला प्लास्टिकचं सील लागतं. विमान कंपनीचा काउंटर त्यानंतर. सील लागल्यावर ‘जरा शाल काढते’ म्हणून चेन उघडली, की सील गेलं आणि बॅग पुन्हा रांगेच्या शेवटी.

यंत्रावर दाणेदार, मुळासारखं किंवा फळासारखं काही दिसलं की बॅग टेबलावर उघडतात. एकाची बॅग उघडली की बाकीचे तेरा जण ट्रॉल्या धरून उभे. बेटावर उतरल्यावर पुन्हा तपासणी असते, तिथे वास घेणारी कुत्रीही असतात. तिथले तपासनीस शांतपणे, नियमाने काम करतात. ‘आजीसाठी आहे हो, थोडंच आहे’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये नेऊन उपयोग नाही.

बूट

सगळ्यात मोठी चूक ही. रोज सकाळी माळावर किंवा तळ्याकाठी फिरायला जे बूट वापरता, तेच वरवर पुसून बॅगेत टाकले जातात. सोलापूरची काळी माती चिकट. ती तळव्याच्या खाचांत बसते, वाळून दगडासारखी होते, आणि तिच्यात गवताचं बी असतं. वरून बूट नव्यासारखा दिसतो. नुसत्या ओल्या फडक्याने ही माती निघत नाही.

असं करा. निघण्याच्या आठ दिवस आधी बुटांच्या नाड्या आणि आतले तळवे काढा. बूट साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास तळव्यापुरते बुडवून ठेवा, म्हणजे माती सैल होते. जुन्या टूथब्रशने खाचा घासा आणि ब्रश जात नाही तिथे गोधडी शिवायची जाड सुई फिरवा. टाचेपुढची आडवी खाच हमखास राहते. शेवटी नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि दोन दिवस उन्हात उलटे वाळवा. त्यानंतर घालायचे ते थेट मुंबई विमानतळावर. मध्ये एकदाही माळावर नाही.

आता कुसळं. कुसळी गवताचं बी टोकदार असतं, त्याची शेपटी कोरड्या हवेत पीळ घेते, दमट हवेत तो सोडते आणि बी कापडात स्वतःच रुतत जातं. मशीनमध्ये मोजे दहा वेळा धुतले तरी ते तिथेच. मोजे उलटे करून चिमट्याने एकेक उपटावं लागतं. पँटच्या दुमडीत, बॅगेच्या चाकांत आणि कॅमेऱ्याच्या बॅगेवरच्या वेल्क्रोत पाहा. वेल्क्रोला गोखरू इतकं घट्ट धरतं की ते काढण्यापेक्षा ती बॅग घरी ठेवणं सोपं. कॅमेऱ्यासाठी साधी चेनची पिशवी आम्ही देतो, तिचे पैसे दौऱ्याच्या दरातच आहेत.

खाणं, औषधी आणि देवाचं

घरी केलेलं काही नको. चटणीतले शेंगदाणे भाजलेले असतात, त्यातून काही उगवणार नाही हे आम्हालाही कळतं. पण लेबल नसलेल्या डब्यातली लाल पूड काय आहे हे तपासनीसाने ओळखायचं कसं? कारखान्यात सीलबंद झालेली, घटकपदार्थ छापलेली पाकिटं न्या आणि फॉर्मवर लिहा. लिहिलेल्या वस्तूबद्दल विचारतात, लपवलेली सापडली तर वाद होतो. ताजी फळं, कच्चं धान्य, बिया, रोपं आणि माती यांचा प्रश्नच नाही. डाळिंब आपल्या गावचं कितीही नावाजलेलं असलं तरी नाही.

विसरल्या जाणाऱ्या वस्तू वेगळ्याच असतात. मधुमेहासाठी बरोबर घेतलेले मेथीदाणे. जेवणानंतरची बडीशेप. ओवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्यानंतर जॅकेटच्या खिशात राहिलेल्या अक्षता. रुद्राक्षाची माळ: रुद्राक्ष म्हणजे फळातली आठळीच, यंत्रावर ती तशीच दिसते. माळ घरी ठेवा, गळ्यात साखळी घाला.

पोटाची काळजी नको. तिथे भाताबरोबर मेनेस्त्रा मिळते, ती घट्ट उसळीसारखी असते. जोडीला कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप. मेनेस्त्रात कधी मांसाचा रस्सा घालतात, म्हणून बोटीच्या स्वयंपाक्याला आधी सांगावं लागतं. ते आम्ही दौरा ठरतानाच लेखी कळवतो.

एवढं सोवळं कशासाठी

आपली काळी माती हीसुद्धा मुळात लाव्हाच, पण साडेसहा कोटी वर्षं झिजलेला. फर्नांदिना बेटावर २०२४ च्या मार्चमध्ये बाहेर पडलेला लाव्हा अजून कोरा आहे. अशा दगडावर सगळ्यात आधी जम बसवणाऱ्या झाडांत लाव्हा निवडुंग येतो, हातभर उंच, पिवळसर बोटांच्या झुबक्यासारखा. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. जे आलं ते वाऱ्याने, समुद्रातून वाहत किंवा पक्ष्यांच्या पिसांत अडकून. बेडूक तिथे मूळचा नाहीच. चरणारी मोठी जनावरं नव्हती, त्यांची जागा महाकाय कासवांनी घेतली. बाहेरचं बी पडलं तर त्याला आवर घालणारं फारसं काही नाही.

आणि आवरायला कठीण झालेल्यांत आपल्या ओळखीचेच आहेत. परसातला पेरू. कुंपणातली घाणेरी. भारतासह आशियात मूळची असलेली काटेरी डोंगरी रासबेरी, जिची जाळी सांता क्रूझ बेटावर माणसाच्या डोक्यावर जाते. तिथल्या उंच, धुक्याच्या भागात स्कॅलेसियाचं जंगल आहे. स्कॅलेसिया सूर्यफुलाच्या कुळातली, पण चांगलं दुमजली घराएवढं झाड होते. एल निनोच्या अतिपावसात जुनी झाडं एकदम मरतात आणि उजेड मिळाला की बियांतून नवी पिढी एकदम उठते. रासबेरीने जमीन झाकली तर तो उजेडच पोचत नाही. बाहेरून आलेल्या वनस्पतींच्या जाती आता मूळ जातींहून जास्त झाल्या आहेत.

सूतगिरण्यांच्या गावातल्या माणसाने पाहावी अशी एक गोष्ट आहे. गॅलापागोसचा स्वतःचा कापूस आहे, पिवळ्या फुलाचा, आखूड धाग्याचा. फिंच पक्षी तो घरट्यात नेतात. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या घरट्यातल्या पिलांचं रक्त पितात. संशोधकांनी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस ठेवला, पक्ष्यांनी तो आपणहून नेला आणि अशा घरट्यांत अळ्या जवळजवळ उरल्या नाहीत. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं.

झाडं वाळलेली नाहीत

जून ते डिसेंबरमध्ये नेलेल्या गटातून तक्रार येते की चुकीच्या मोसमात आणलं, सगळं रान वाळलंय. किनाऱ्यालगतची ती पांढुरकी, निष्पर्ण झाडं म्हणजे पालो सांतो, आपल्या गुग्गुळाच्या कुळातलं. पावसाची वाट पाहत ते पानं टाकून उभं असतं. जानेवारी ते मे हवा गरम, मधूनमधून सरी आणि हिरवळ. जूननंतर गार हवा, उंचावर धुकं आणि समुद्र थंड. पोहणाऱ्यांना वेटसूट लागतो. साऊथ प्लाझा बेटावरची मांसल पानांची सेसुव्हियम मात्र याच कोरड्या दिवसांत लालभडक होते. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पाहायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबर, आणि तोही एस्पान्योला बेटावर. जानेवारीच्या गटाला तो दाखवू असं आम्ही कधीच सांगत नाही.

बांधावरचा फड्या निवडुंग तिथे भेटेल, पण झाडाच्या रूपात, तांबूस बुंध्याचा. कासवं असलेल्या बेटांवर तो उंच गेला, जिथे कासवं नाहीत तिथे बुटका राहिला आणि काटेही मऊ. ही जोडी लक्षात ठेवून दोन बेटं पाहा, वाटाड्याच्या बोलण्यातलं बरंच आपोआप उलगडतं.

फर्नांदिनाला बोटीशिवाय जाता येत नाही. उडता न येणारा पाणकावळा फक्त फर्नांदिना आणि इसाबेलावर आहे, म्हणून आमचा दौरा बोटीचा. हॉटेलात राहून केलेले दौरे स्वस्त पडतात आणि वाईटही नसतात, पण त्यांत फर्नांदिना नसते. दरांची तुलना करताना एवढं पाहा. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका परवानाधारक वाटाड्यामागे १६ पर्यटक चालतात. आम्ही १४ नेतो आणि आमचा एक माणूस. अरुंद लाव्हावर शेवटच्यालाही ऐकू जावं म्हणून.

प्राण्यांपासून अंतर दोन मीटर. एका सोलापुरी चादरीची लांबी साधारण ९० इंच असते. ती तुमच्या आणि इग्वानाच्या (तिथल्या मोठ्या सरड्याच्या) मध्ये अंथरता आली पाहिजे. सेल्फी स्टिक त्या चादरीवर यायला नको. समुद्रसिंहाचं पिलू स्वतःहून जवळ आलं तर तुम्ही मागे सरका. सागरी इग्वाना नाकातून फवारा उडवते ते रागाने नाही, खाल्लेल्या शेवाळाबरोबर पोटात गेलेलं मीठ ती बाहेर टाकत असते. फ्लॅश आणि ड्रोन बंद. शंख, वाळू, लाव्हाचा खडा यातलं काही आणायचं नाही, देव्हाऱ्यासाठीसुद्धा. बोटीवर चढताना पाय आणि बूट धुवायला लावतात. एका बेटाची वाळू दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून.

उद्यानाचं प्रवेशशुल्क दरात का धरलेलं नाही, हे विचारलं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते १०० डॉलरवरून २०० झालं, १२ वर्षांखालील मुलांना १००. सरकारी रक्कम आमच्या दरात मिसळून वर आमचा टक्का लावण्यापेक्षा तुम्ही तिथे स्वतः भरून पावती घ्यावी, हे बरं. कार्डासह मोठ्या माणसाचे २२० डॉलर रोख, वीसच्या नोटांत ठेवा. शंभरची नोट इक्वेडोरमध्ये दुकानदार सहसा घेत नाहीत.

निघण्याआधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या कार्यालयात प्रत्येकाची बॅग आणि बूट आम्ही पाहतो. ‘शाळेसारखं वाटतं’ असं काही जण म्हणतात. वाटू दे, इथे तीन मिनिटं लागतात. पर्स पूर्ण उलटी करून आणा, जॅकेटचे खिसे बाहेर काढून. बूट धुतलेले आणि वाळलेले हवेत. ओले बूट आम्ही परत पाठवतो, ओल्या तळव्यात काळी माती दिसत नाही.