स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारातली अँटिबायोटिक

कॅन्सरच्या गाठीवर अँटिबायोटिक काही करत नाही, हे आधी सांगायला पाहिजे. उपचारामुळे शरीर उघडं पडतं आणि जंतूंना वाट मिळते, तिथे ती लागते. आपल्या विदर्भातल्या खेड्यात नेमकं उलटं होताना दिसतं, जिथे गरज नाही तिथे आठ-आठ दिवस गोळ्या चालतात आणि जिथे तासाभरात इंजेक्शन पाहिजे तिथे "थोडासा ताप आहे, क्रोसिन दे" म्हणून रात्र काढतात.

सगळ्यात धोक्याचा म्हणजे किमोनंतरचा ताप. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात, आणि त्यातल्या न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या की शरीराला जंतूंशी लढताच येत नाही. पू हा याच पेशींचा बनतो, म्हणून अशा बाईला पू होत नाही, जखम लाल होत नाही, खोकल्यात बेडका पण नसतो, फक्त ताप असतो. जंतू बरेचदा बाहेरून येतच नाहीत, किमोने तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं आणि पोटातलेच जंतू रक्तात जातात. थर्मामीटरवर १००.४ फॅरेनहाइट दिसला तर ती इमर्जन्सी, मग बाई चालती-बोलती का असेना. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम, तब्येत फारच बिघडली असेल तर मेरोपेनेम. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते तपासायला, रक्त आधी काढतात पण रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. मेडिकलवाल्याकडची सेफिक्सिम इथे पुरत नाही, सुडोमोनास नावाच्या जंतूवर ती चालतच नाही. पॅरासिटामॉलने ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढतच राहतं, म्हणून आधी ताप मोजायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना घरचे "ऊन लागलं" म्हणतात, कैरीचं पन्हं देतात, कांदा उशाशी ठेवतात, आणि तो वेळ हातचा जातो.

दुसरी गोष्ट हातसुजीची. ऑपरेशनमध्ये बगलेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की हातातलं लिम्फचं पाणी नीट वाहत नाही, हात सुजतो आणि साचलेल्या त्या पाण्यात स्ट्रेप्टोकोकससारखे जंतू भराभर वाढतात. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकाचा ओरखडा, निंदताना टोचलेला काटा, चुलीचा चटका, एवढं पुरे होतं. हुडहुडी भरते, हात लाल आणि गरम होतो आणि लाली काही तासांत वर सरकते. याला सेल्युलायटिस म्हणतात. इथे पेनिसिलिनच्या जातीची औषधं किंवा सेफॅलेक्सिन चालतात, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असली तर क्लिंडामायसिन, आणि हुडहुडीचा ताप असेल तर अ‍ॅडमिट करून इंजेक्शनच. लालीच्या कडेला पेनने रेघ मारून ठेवली की ती वाढली का कमी झाली ते कळतं. वर्षात पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टर कमी डोसची पेनिसिलिन महिनोन्‌महिने देतात. बायकांना "वेचणीला जाऊ नका" सांगणं सोपं आहे, पण दिवाळीनंतर मजुरी त्याचीच असते, त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ओरखडा लगेच साबणाने धुणं हेच सांगावं.

ऑपरेशनच्या वेळी चीर द्यायच्या आधी तासाभरात सेफॅझोलिनचा डोस देतात, साध्या ऑपरेशनला बहुतेकदा तेवढाच पुरतो. नंतर टाक्यांखाली पिवळसर पाणी साचतं, ते सेरोमा, ते सुईने काढतात, त्याला गोळी नाही. शेक म्हणजे रेडिएशनने कातडी काळी पडते, सोलते, त्यालाही पू किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिक लागत नाही.

विनाकारण घेतल्याने जुलाब लागतात, आणि जंतू औषधाला सरावतात, मग खऱ्या वेळी मेरोपेनेमसुद्धा चालत नाही, हे जास्त भीतीचं. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे स्क्रब टायफसही असतो, म्हणजे गवताझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, २०१८ मध्ये नागपूरकडे त्याची साथ आली होती, त्यावर वरची कुठलीच औषधं चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन लागते. म्हणून बाई शेतात, गवतात गेली होती का हे डॉक्टरला सांगायचं, आणि किमोची फाइल घेऊनच निघायचं, शेवटची किमो कोणत्या तारखेला झाली ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून, कारण रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच पाहिजे असतं.