मुंजे–मुसोलिनी भेट

मुंजे–मुसोलिनी भेट : (१९ मार्च १९३१). हिंदू महासभेचे पुढारी डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८) आणि इटलीचा हुकूमशहा बेनितो मुसोलिनी यांची रोममधील भेट. भारतातील हिंदुत्ववादी चळवळीवर युरोपीय फॅसिझमचा प्रभाव कितपत पडला, या वादात तिचा उल्लेख हटकून येतो.

मुंजे हे नागपूरचे नेत्रवैद्य आणि टिळकपक्षाचे पुढारी. ⇨ केशव बळिराम हेडगेवार यांना वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठविण्यात त्यांचा पुढाकार होता. बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून ते दक्षिण आफ्रिकेला गेले होते. हिंदी तरुणाला लष्करी शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्यांचा ध्यास तेव्हापासूनचा असावा. लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेनंतर इंग्लंड, फ्रान्स व जर्मनीतील सैनिकी शाळा पाहून मार्च १९३१ च्या मध्यास ते इटलीत आले.

भेटीचा मुख्य आधार म्हणजे मुंजे यांची इंग्रजी रोजनिशी. १९ मार्चला त्यांनी सैनिकी व शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि ‘बालिल्ला’ ही फॅसिस्ट बालसंघटना पाहिली. गणवेशातील मुलामुलींची साधी कवायत पाहून आपण मोहून गेलो, असे ते लिहितात. त्याच दिवशी पालात्सो व्हेनेत्सिया या मुसोलिनीच्या कार्यालयात त्याने त्यांना या संघटनांविषयी मत विचारले. प्रत्येक उदयोन्मुख राष्ट्राला अशा संघटना हव्यात, भारताला तर सर्वांत जास्त, असे मुंजे यांनी सांगितले. प्रसंग आल्यास भारतात व इंग्लंडात त्यांची जाहीर प्रशंसा करण्याची तयारीही दर्शविली. मुसोलिनीने त्यांचे काम बिकट असल्याचे म्हटले आणि यश चिंतिले.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घडणीवर या भेटीचा परिणाम झाला काय, हा खरा वादाचा मुद्दा. इटालियन इतिहासकार मार्झिया कासोलारी यांनी जानेवारी २००० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त रोजनिशीतील उतारे व सरकारी दफ्तरातील कागदपत्रे प्रसिद्ध करून हा संबंध घनिष्ठ असल्याचे प्रतिपादिले. केसरीत १९२४ पासून इटलीविषयी सातत्याने आलेले अनुकूल लेख आणि त्याचे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हणकर यांचे १९२७ मधील मुसोलिनीविषयक मराठी पुस्तक हेही त्यांनी पुराव्यात धरले आहे. उलट बाजूने कालक्रमाचा आक्षेप घेतला जातो : संघाची स्थापना १९२५ ची, म्हणजे भेटीच्या साडेपाच वर्षे आधीची. लाठी, आखाडा व व्यायामशाळा ही नागपूरची जुनी परंपरा. गुप्त संघटनेचे वळण हेडगेवारांनी बंगालच्या अनुशीलन समितीत पाहिले होते. गणवेशाचे मूळ १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनातील स्वयंसेवक दलात दिसते. फ्रेंच अभ्यासक ख्रिस्तोफ जाफ्रलो यांच्या मते संघाचा भर राज्यसत्तेपेक्षा समाजाच्या दीर्घकालीन घडणीवर असल्याने त्याला सरळ फॅसिझम म्हणता येत नाही.

रोजनिशीतील एक वाक्य या संदर्भात निर्णायक मानावे लागते. बालिल्लाचे वर्णन केल्यावर मुंजे लिहितात, की हेडगेवारांची नागपूरची संस्था याच प्रकारची आहे, मात्र तिची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेली आहे. उर्वरित आयुष्य तिच्या विस्तारासाठी वेचण्याचा संकल्पही तेथेच आहे. या नोंदीने संघाचा उगम इटलीत शोधण्याचे मत टिकत नाही. पण भेट निव्वळ सौजन्याची होती, हा बचावही टिकत नाही. कारण साम्य खुद्द मुंजे यांनाच जाणवले होते आणि ते त्यांना अभिमानास्पद वाटले. रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये व महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये मुसोलिनीला भेटले, हे उदाहरण वारंवार दिले जाते. टागोरांनी मात्र त्याच वर्षी फॅसिझमचा जाहीर निषेध केला आणि गांधी काही त्याच्या संघटनांचा नमुना घेण्यासाठी गेले नव्हते. शिवाय कासोलारी यांनी उद्धृत केलेली १९३४ ची नोंद अधिक गंभीर आहे. हेडगेवारांशी झालेल्या बैठकीत मुंजे यांनी हिंदुधर्माला देशभर एकसारखे रूप देण्याची योजना मांडली आणि शिवाजी महाराजांसारखा किंवा मुसोलिनी–हिटलरसारखा हिंदू हुकूमशहा असलेल्या स्वराज्याशिवाय ती साधणार नाही, असे म्हटले. शिवाजी महाराजांचे नाव या पंक्तीत बसविणे इतिहासाला धरून नाही. ही केवळ कवायतीची आवड नव्हे. येथे राजकीय विचारच उसना घेतलेला दिसतो.

भेटीचे मूर्त फलित नाशिकला दिसते. मुंजे यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. शाळेच्या योजनेच्या प्रास्ताविकात शत्रूची जास्तीत जास्त हानी करण्यास मुलांना समर्थ करणे हा हेतू उघडपणे नोंदविला आहे. तथापि ब्रिटिश लष्करी शिक्षणाचा वाटाही येथे मोठा असावा. भारतातील लष्करी महाविद्यालयाची योजना आखणाऱ्या चेटवुड समितीचे (१९३१) मुंजे सदस्य होते.

१९३७ मध्ये महासभेचे अध्यक्षपद वि. दा. सावरकरांकडे गेले. जून १९४० मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली. महासभा त्या काळात हिंदूंनी ब्रिटिश हिंदी सैन्यात भरती व्हावे, असा प्रचार करीत होती.