फायर एम्ब्लेम वॉरियर्स आणि 'आयक कुठाय?' : भांडणाची पार्श्वभूमी

फायर एम्ब्लेम ही निन्टेन्डोची व्हिडिओ गेम सिरीज, आणि तिच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकत्र आणणारा गेम म्हणजे फायर एम्ब्लेम वॉरियर्स. त्याचं नाव काढलं की आजही कोणीतरी 'आयक कुठाय?' विचारतंच (आयक हा सिरीजमधला एक लाडका हिरो, तो या गेममध्ये नाही), मग दुसरा कोणीतरी 'झालं यांचं सुरू' म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. २०१९ च्या थ्री हाउसेस या गेमपासून सिरीजमध्ये आलेल्या लोकांना हे कळतच नाही, २०१७ चा एक गेम, त्यात चार कॅरेक्टर नाहीत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण भांडण त्या गेमपेक्षा बरंच जुनं आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

पहिला फायर एम्ब्लेम १९९० ला निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आला, इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीचा, शोझो कागाच्या डोक्यातून निघालेला. चौकटींच्या नकाशावर आळीपाळीने सैन्य हलवायचं, आणि लढाईत जो मेला तो कायमचा गेला. पुढची दहाबारा वर्षं ही सिरीज जपानबाहेर धडपणे आलीच नाही. बाहेरच्यांना सिरीजचे हिरो मार्थ आणि रॉय पहिल्यांदा भेटले ते २००१ च्या स्मॅश ब्रदर्स मेलीमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या सिरीजची पात्रं एकमेकांशी लढतात त्या गेममध्ये, आणि त्यातही गंमत म्हणजे रॉयचा स्वतःचा गेम तेव्हा निघालेलाच नव्हता, तो जपानमध्ये २००२ ला आला. हे दोघं मेलीच्या बाहेरच्या आवृत्तीतून वगळायचं चाललं होतं पण तिकडच्या टीमला आवडले म्हणून राहिले. म्हणजे जगाला ही सिरीज कळली तीच मुळात दुसऱ्याच्या घरात, एका क्रॉसओव्हरमध्ये. त्यामुळे या फॅन लोकांना क्रॉसओव्हरमध्ये कोण आहे आणि कोण नाही याचं जे वेड आहे ते उगीच नाहीये.

मग २००३ ला गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर पहिला गेम जपानबाहेर आला, सुरुवातीचे धडे देणारी लिन त्यातलीच. २००५ ला पाथ ऑफ रेडियन्स, २००७ ला रेडियंट डॉन, दोन्हीत आयक. हा राजपुत्र वगैरे नाही, भाडोत्री सैनिकांच्या टोळीतला मुलगा, आणि दोन गेम एकाच हिरोवर चालले हे या सिरीजमध्ये फार कमी वेळा झालंय, त्यामुळे त्या काळातल्या लोकांचा तो देवच झाला. विक्री मात्र खाली खाली. २०१० चा मार्थचा रिमेक तर जपानबाहेर काढलाच नाही.

आणि इथे खरं वळण येतं. २०१२ चा अवेकनिंग बनत असताना टीमला सांगितलेलं होतं की अडीच लाख प्रती नाही गेल्या तर सिरीज बंद. हे निर्मात्यांनी नंतर मुलाखतीत स्वतःच सांगितलंय. म्हणून मग टीमने सगळं ओतलं, मेलेला परत येणारा कॅज्युअल मोड, पात्रांची लग्नं, भविष्यातून आलेली पोरं, त्यातलीच लुसिना. गेम तुफान चालला, अडीच लाख कुठल्या कुठे मागे पडले, सिरीज वाचली, आणि फॅन लोकांचे सरळ दोन तट पडले. जुने म्हणायचे हे लग्न जुळवायचे गेम आहेत, नवे म्हणायचे आम्ही आलो म्हणून तुमची सिरीज जिवंत आहे. 'एलिटिस्ट' (स्वतःला वरचढ समजणारे) आणि 'वाइफू फॅन' (गेममधल्या बायकांच्या प्रेमात पडलेले) हे शब्द तेव्हापासूनच एकमेकांच्या तोंडावर फेकले जातायत. २०१५ ला जपानमध्ये फेट्स आला, होशिदो आणि नोहर अशी दोन राजघराणी, दोन्हीकडची सख्खी-सावत्र भावंडं, आणि तटबंदी पक्की झाली.

आता २०१७ चा जानेवारी. निन्टेन्डोने एकाच महिन्यात दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते अर्धी आग तिथेच लागली. एक म्हणजे वॉरियर्स जाहीर केला, ओमेगा फोर्स आणि टीम निन्जा हे स्टुडिओ करणार, डायनेस्टी वॉरियर्सच्या धर्तीवर, एकटा माणूस हजार सैनिक उडवतो तसला. दुसरं, मोबाइलवरच्या फायर एम्ब्लेम हीरोजसाठी सगळ्या गेममधली सगळी पात्रं समोर ठेवून मतदान घेतलं. पुरुषांत पहिला आयक, दुसरा रॉय. बायकांत पहिली लिन, दुसरी लुसिना. म्हणजे कंपनीने स्वतः विचारलं 'कोण आवडतं?', लोकांनी उत्तर दिलं, आणि सप्टेंबरच्या शेवटी जपानमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी वॉरियर्स आला तेव्हा त्यात आयक नाही आणि रॉयही नाही. घरच्या कार्याला थोरल्या काकांनाच आमंत्रण नाही असला प्रकार.

काय होतं मग? फेट्सचे नऊ जण, हिरो कॉरिन आणि आठही भावंडं. अवेकनिंगचे सहा, त्यात हिरो क्रोम आणि लुसिना. मूळ शॅडो ड्रॅगनचे फक्त तीन, मार्थ, सीडा, टिकी. जुळी राजभावंडं रोवन आणि लियाना ही नवीन बनवलेली. बाकी सगळ्या सिरीजमधून लिन आणि सेलिका, शिवाय प्रत्येक गेममध्ये डोकावणारी अ‍ॅना. त्यात लिन आणि सेलिका मुख्य कथेत येतच नाहीत, हिस्टरी मोडमध्ये नकाशे खेळत खेळत त्या मिळवायच्या. जुन्या गेमच्या हिरोंपैकी सिगर्ड नाही, हेक्टर नाही, एफ्राइम नाही, १९९६ ते २००७ मधल्या सात गेममधून एकटी लिन.

टीमने मुलाखतीत कारणं दिली. एक असं की प्रत्येक गेममधून एकेकच घेतला तर त्यांचं आपसातलं नातं दाखवता येणार नाही, आणि या सिरीजचा जीव त्या नात्यांमध्येच आहे. हे मला पटतं, खरंच पटतं, कारण फेट्सच्या दोन घराण्यांचे थोरले राजपुत्र झँडर आणि रयोमा समोरासमोर आले की तिथे काहीतरी घडतं, एकट्या सिगर्डला आणून उभा केला तर तो बोलणार कोणाशी. पण दुसरं कारण होतं की प्रत्येक गेमचा हिरो घेतला तर सगळे तलवारवालेच होतील. आता हे ऐकून लोकांची सटकली, कारण आलेल्या रोस्टरमध्ये, म्हणजे पात्रांच्या यादीत, मार्थ, क्रोम, लुसिना, रोवन, लियाना, कॉरिन, रयोमा, झँडर, सेलिका, लिन, एवढे तलवारवाले होतेच की! आणि न घेतलेल्यांमध्ये हेक्टर कुऱ्हाडवाला, एफ्राइम भालेवाला, मिकाया जादूवाली. हा गेम तलवार-कुऱ्हाड-भाला अशा त्रिकोणावर चालतो, तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, म्हणजे कुऱ्हाडवाले आणि भालेवाले तर हवेच होते.

वर आणखी क्लोन, म्हणजे वेगवेगळ्या पात्रांना तेच वार. सीडा, कॉर्डेलिया आणि हिनोका तिघी उडत्या घोड्यावर भाला घेऊन बसतात आणि तिघींचे वार तेच. क्रोम आणि लुसिना तसेच. टाकुमी, साकुरा, अ‍ॅना तिघांचं धनुष्य एकच. या प्रकारच्या गेममध्ये एक पूर्ण नवीन मूव्हसेट (वारांचा संच) करायचा म्हणजे भरपूर काम असतं हे मान्य, पण मग लोक म्हणाले की कॉपीच करायचीय तर क्रोमचे वार रॉयला द्या ना, तेवढ्याने आमचं समाधान झालं असतं. याला उत्तर द्यायला कोणाकडे काही नव्हतं.

तरी आशा होती, आणि ती होती हायरुल वॉरियर्समुळे. तोही याच लोकांचा, पण झेल्डा या निन्टेन्डोच्या दुसऱ्या सिरीजवरचा, २०१४ ला आलेला, आणि त्यातही सुरुवातीला झेल्डाच्या तीनच गेमवर मुख्य भर होता, तेव्हाही ओरडा झाला, पण नंतरच्या डीएलसीमध्ये (वेगळे पैसे देऊन गेममध्ये घालायची भर) आणि ३डीएसच्या आवृत्तीत विंड वेकर, लिंक्स अवेकनिंग, स्पिरिट ट्रॅक्स असं करत करत जुने गेम येत गेले. सगळ्यांना वाटलं इथेही तसंच होईल. मग डीएलसीच्या तीन पॅकची नावं आली: फेट्स, शॅडो ड्रॅगन, अवेकनिंग. परत तेच तीन! नऊ नवीन पात्रं, एकही बाहेरचं नाही. माझ्या आठवणीत तरी खरा राडा तेव्हाच झाला, गेम आला तेव्हा नाही. फेट्सवाले तरी खूश असतील म्हणावं तर तेही नाही, कारण त्या कथेचं जवळजवळ केंद्र असलेली अझुरा वॉरियर्सच्या मूळ गेममध्ये खेळायला नव्हतीच, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायचे. गेम मात्र चांगला विकला गेला, जगभरात १० लाखांच्या घरात, त्यामुळे कंपनीला काही बिघडलंय असं वाटायचं कारणच नव्हतं.

आणि हे सगळं चालू असताना बाहेरची जनता नेमकं उलटं रडत होती. स्मॅशवाल्यांच्या मते फायर एम्ब्लेमचे लोक फार झाले. जानेवारी २०२० मध्ये थ्री हाउसेसचा हिरो बायलेथ स्मॅशसाठी जाहीर करताना स्मॅशचा निर्माता साकुराईने स्वतःच कबूल केलं की या सिरीजची पात्रं जरा जास्तच आहेत, तेव्हा तो आकडा आठवर गेला. म्हणजे स्मॅशमध्ये आयक आहे, रॉय आहे, आणि स्वतःच्या सिरीजच्या सोहळ्यात नाहीत.

पुढे २०२२ ला वॉरियर्सच्याच धर्तीचा थ्री होप्स आला तेव्हा टीमने हा विषयच मिटवला, फक्त थ्री हाउसेसच्या जगातली पात्रं, क्रॉसओव्हरच नाही, कोणी कोणाची वाट बघायला नको. काही जणांना हे पळ काढणं वाटलं, मला उलट शहाणपणाचं वाटलं. जुन्यांची खरी भरपाई मुख्य सिरीजमध्येच झाली, २०२३ च्या एंगेजमध्ये, बारा अंगठ्या आणि त्यात बारा जुने हिरो, सिगर्ड, लीफ, रॉय, आयक, मिकाया, एरिका, सगळे. हेक्टर आणि सोरेन डीएलसीत.

दोनच दिवस शांतता असेल नसेल. मग कोणीतरी विचारलं की सेलिका आहे तर तिच्याच गेमचा दुसरा हिरो आल्म का नाही, आणि अवेकनिंगची अंगठी क्रोमला सोडून लुसिनाला कशी काय दिली.